प्रतिपक्षास पाठवलेली प्रत

आधी दिवस सांगतो आणि प्रत्येक दिवसापुढे जबाबदार कोण तेही. इंग्रजी तारखा मुद्दाम देत नाही. तारखा, पत्ते आणि नावे एकत्र ठेवली की कोणीही अनोळखी माणूस आपल्या घरच्या माणसापर्यंत पोहोचू शकतो, हे मी या वर्षी शिकलो आहे.

संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार. चिक्कडपल्लीत एकट्या राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या फोनवर ‘घरबसल्या गुंतवणूक शिका’ असा निरोप आला, मराठीतून. जबाबदार: निरोप पाठवणारी बाई, जिचे तोंड आजतागायत कोणी पाहिलेले नाही.

होळीचा आदला दिवस. अक्काने निवृत्तीची उरलेली सगळी पुंजी त्या बाईने सांगितलेल्या बँक खात्यात भरली. जबाबदार: ते खाते ज्या बँकेने उघडून दिले ती बँक.

पाडवा. पैसे परत मिळणार नाहीत हे अक्काला कळले आणि तिने ते आम्हाला सांगितले. या दिवसापुढे कोणाचे नाव लिहावे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

रामनवमी. सविस्तर नोटिशीची एक प्रत सर्व परिशिष्टांसह चोरांच्या हाती पोहोचली. जबाबदार: मी.

आषाढातल्या बोनालूचा, देवीला घट वाहण्याच्या सणाचा, रविवार. मी अक्काच्या दाराबाहेर उभा होतो आणि ती दार उघडत नव्हती. जबाबदार: वरील सर्व.

माझी नोकरी सरकारच्या विधी खात्यात झाली. मी वकील नव्हे. वकिलांनी आणि अधिकाऱ्यांनी ज्यावर सही करायची तो मसुदा मी लिहीत असे. आमच्या घराण्यात निजामाच्या अमदानीपासून कोणी ना कोणी कचेरीत किंवा शाळेत आहे, आणि कागद नीट लिहिला की काम अर्धे झाले अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. अक्का शाळेत मराठी आणि गणित शिकवायची. मी निवृत्त झाल्यावरही तारनाक्याच्या घरातून नळाच्या पाण्याबद्दल, पदपथावरच्या खड्ड्याबद्दल, बसच्या बदललेल्या मार्गाबद्दल पत्रे लिहीत राहिलो, म्हणून ती मला ‘वकीलसाब’ म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला सत्तरी ओलांडली तरी कळलेले नाही.

तिला फसवणाऱ्यांची रीत आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे, तरी सांगतो. आधी फोनवरचा वर्ग भरला. त्यात आभासी नाण्यांविषयी रोज एक धडा, आणि शेवटी प्रश्न. अक्का प्रश्नांची उत्तरे बरोबर देई, आणि ती बाई सगळ्यांसमोर ‘मॅडम, तुम्ही तर आम्हालाच शिकवाल’ असे म्हणे. शाळा सुटल्यापासून अक्काला कोणी असे म्हटले नव्हते. मग एक अ‍ॅप आले. त्यात थोडे पैसे घातले, ते वाढलेले दिसले, आणि त्यातले काही खरोखरच काढता आले. त्या पैशांतून तिने नवा फोन घेतला आणि मला दाखवायला तारनाक्याला आली.

मी विचारले, “याला कायद्याची मान्यता आहे का?”

“तुझा कायदा पेन्शन देतो रे, वाढवत नाही,” ती म्हणाली. “हे बघ, वाढलेलं दिसतंय की नाही?”

दिसत होते. आकडा हिरव्या रंगात होता आणि आमच्या डोळ्यांदेखत बदलत होता. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. वाटला तो थोडासा मत्सर.

पाडव्याला ती सकाळीच आली. माझी मुलगी कुकटपल्लीहून आली होती. तिथे ती एका कचेरीत नोकरी करते. बाहेर तेलुगू शेजाऱ्यांची उगादीची गडबड होती. ताटे वाढली, आणि अक्का पुरणपोळीकडे बघत बसून राहिली. मग म्हणाली, “पैसे काढायला गेले तर आधी कर भरा म्हणतात. तो भरला. आता आणखी एक कर आहे म्हणतात. माझ्याकडे काही उरलं नाही.” हे ती इतक्या सपाट आवाजात बोलली की पहिल्यांदा मला अर्थच लागला नाही. अर्थ लागला तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला. तिला मूलबाळ नाही. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. तुटपुंजे पेन्शन सोडले तर ते चिक्कडपल्लीचे दोन खोल्यांचे घर आणि ही पुंजी, एवढाच तिचा आधार होता. पुंजी गेली म्हणजे आता घर तेवढे राहिले.

मुलीने फोन हातात घेतला. “बाबा, आत्ताच्या आत्ता कम्प्लेंट करू या. हेल्पलाइन असते. लगेच सांगितलं तर अकाउंट फ्रीज करतात.”

“तोंडी तक्रारीला पुरावा काय राहतो?” मी म्हणालो. “घाईत काहीतरी बोललं जाईल आणि तेच पुढे आपल्यावर उलटेल. मी व्यवस्थित लिहून काढतो.”

“आणि कोणाला सांगू नका,” अक्का म्हणाली. “शाळेतल्या बायकांना कळलं तर मी मेले.”

मी लिहू लागलो. चैत्राचे नवरात्र सगळे त्यात गेले. घटनाक्रम लिहिला, परिशिष्टे जोडली. अक्काच्या ओळखपत्राची प्रत, बँकेच्या पासबुकाची पाने, आणि ती कोणी भटकी बाई नाही, घर असलेली प्रतिष्ठित नागरिक आहे हे दिसावे म्हणून तिच्या घराच्या खरेदीखताची प्रतही जोडली. शेवटी माझा पत्ता आणि सही. आमच्या खात्यात कागद एकट्याने कधी जात नसे. खाली ‘प्रत माहितीस्तव’ असे लिहून ज्याचा ज्याचा संबंध त्याला एकेक प्रत जाई. मीही तसेच केले: पोलीस, दोन्ही बँका, आणि प्रतिपक्ष.

प्रतिपक्ष म्हणजे ते अ‍ॅप. कोणावरही आरोप करायचा तर त्याला आधी कळवले पाहिजे, त्याला त्याचे म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व मी आयुष्यभर शेकडो मसुद्यांत लिहिले आहे. ते मी कोणा अधिकाऱ्याला खूश करायला लिहिले नव्हते, मला ते पटलेले होते. अ‍ॅपमध्ये ‘तक्रार निवारण अधिकारी’ असे एक पान होते, त्यावर ई-मेलचा पत्ता होता. जिथे तक्रार निवारण अधिकारी आहे तिथे संस्था आहे, असे मी समजलो. रामनवमीला तारनाक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी सगळी परिशिष्टे स्कॅन करून घेतली आणि नोटिशीसोबत ती त्या पत्त्यावर पाठवली. घरी येताना मला हलके वाटत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांकडे गेलो. टेबलामागच्या माणसाने माझा गठ्ठा चाळला. तो उर्मट नव्हता. म्हणूनच त्याचे बोलणे मला जास्त लागले.

“साब, चिठ्ठी बहोत अच्छी लिखे आप. लेकिन पैसा चिठ्ठी पढ़ने को रुकता क्या? उसी दिन फोन करना था. अब तो वो पैसा दस खातों में घूम के निकल गया.”

 परतीच्या वाटेवर रिक्षात माझी मुलगी सगळा वेळ बाहेर बघत होती.

त्यानंतर शांतता. पोलिसांकडून तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि पुढे काही नाही. अक्काच्या बँकेने कळवले, आम्ही पैसे ग्राहकाच्या सूचनेनुसार पाठवले. ज्या बँकेत ते पैसे गेले तिने कळवले, खातेदाराची माहिती गोपनीय असते. मी स्मरणपत्रे लिहिली. स्मरणपत्रांची स्मरणपत्रे लिहिली. मुलीला एक दाखवले तर म्हणाली, “बाबा, मला मराठी वाचायला वेळ लागतो, मेन पॉइंट सांगा ना.” सारांश सांगता आला असता तर मी तो लिहिला असता.

आणि मग वैशाख सरत असताना उत्तर आले.

आधी ई-मेल, मग तेच पत्र कागदावर छापून कुरिअरने. वर ठसठशीत शीर्षक, डाव्या बाजूला जावक क्रमांक. ज्यांनी कचेरीत आयुष्य घालवलेले नाही त्यांना जावक क्रमांक काय असतो ते समजणार नाही. आपले म्हणणे एखाद्या वहीत नोंदले गेले, त्याला जागा मिळाली, आता ते हरवणार नाही, असा त्याचा अर्थ. पत्र मराठीत होते, शुद्ध आणि सौम्य. आभासी चलनाच्या गुन्ह्यांत बुडालेले पैसे शोधून परत मिळवून देणारे आम्ही विधिज्ञ आहोत, आपल्या भगिनींचे प्रकरण आमच्या पाहण्यात आले, रक्कम कोणत्या परदेशी खात्यात अडकली आहे ते सापडले आहे. मी ते पत्र उभ्यानेच तीनदा वाचले.

संध्याकाळी फोन आला. तरुण आवाज.

“काका, नमस्कार. आमचं आजोळ बिदरकडचं. तुमच्यासारखं मराठी आता ऐकायला मिळत नाही हो. तुमच्या निवेदनातला दुसरा परिच्छेद मी आमच्या ज्युनिअरांना वाचून दाखवला.”

मी विचारले, “तुम्हाला ते कुठे मिळाले?”

“अशी प्रकरणं आमच्याकडे येतातच, काका. तुम्ही प्रती पाठवल्या होत्या ना सगळीकडे?”

पाठवल्या होत्या. पुढे काही विचारावे असे मला सुचले नाही. इतक्या आठवड्यांत माझे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा तो एकटाच होता.

मुलगी म्हणाली, “बाबा, हा कोण आहे? भेटलात तुम्ही?”

“वकील आहे. पत्र आलंय.”

“पत्र काय, कोणीपण पाठवतं.”

“जावक क्रमांक आहे त्याच्यावर,” मी म्हणालो, आणि ती हसली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो.

त्यांनी कामाआधी मागितलेली अनामत रक्कम मी माझ्या खात्यातून भरली. अक्का आधी तयार नव्हती. “एकदा पोळलं ते पुरे,” ती म्हणाली. मी तिला ते पत्र वाचून दाखवले, प्रत्येक वाक्य कसे बांधले आहे ते समजावले. शेवटी ती म्हणाली, “तू एवढा कागद जाणणारा, तुला पटलं तर मला काय कळतं?” हे वाक्य मला आता रोज ऐकू येते.

त्यानंतर ते फोन मला कमी आणि तिला जास्त येऊ लागले. तिने मला सांगणे बंद केले. मी विचारले तर “चाललंय, होईल” एवढेच. ज्येष्ठ संपता संपता तिचा आवाज बदलला. मृग बरसून गेला होता, आंब्याचे दिवस सरले होते, आणि दरवर्षी लोणच्याची बरणी पाठवणाऱ्या माझ्या बहिणीला कैऱ्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. शनिवारी मी फोन केला तर म्हणाली, “माझी तब्येत उत्तम आहे. आपण उद्या येण्याची आवश्यकता नाही.” तिने मला ‘आपण’ म्हटले.  कोणीतरी लिहून दिलेले वाचावे तशी ती बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बोनालूचा रविवार असल्याने रिक्षावाल्याने मला अलीकडेच सोडले. पुढचा रस्ता बंद होता. डोक्यावर हळदीची बोटे ओढलेले, कडुलिंब खोचलेले घट घेऊन बायका चालल्या होत्या, ढोल इतके जवळ वाजत होते की छातीत आदळत होते. त्या गर्दीतून वाट काढत मी अक्काच्या इमारतीत शिरलो आणि जिना चढलो. दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकत होती. आतले दूध फाटलेले दिसत होते.

मी घंटी वाजवली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

“अक्का.”

काही नाही.

“अक्का, मी आलोय.”

“घरी कोणी नाही,” आतून अक्का म्हणाली.

दुसऱ्या एखाद्या वर्षी मी यावर हसलो असतो.  त्या दिवशी मी दाराला कान लावला. “अक्का, तूच बोलते आहेस.”

“मला बोलायची परवानगी नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “तू जा. नाही तर तुलाही नेतील.”

“कोण नेतील?”

 मी मुलीला फोन लावला.  ती म्हणाली, “बाबा, दारातून हलू नका. तिच्याशी बोलत राहा. मी निघाले.” तिला यायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात मी दाराशी लहानपणच्या गोष्टी बोलत होतो: विहिरीवर हरवलेली बादली, आईच्या हातचे धपाटे, मी चोरलेला गूळ आणि त्याबद्दल तिने खाल्लेला मार. आतून एकदा हुंदका आला. मग एका पुरुषाचा आवाज आला, फोनच्या स्पीकरमधून येतो तसा.

“बाहर कौन है? दरवाज़ा नहीं खोलना. कैमरे के सामने बैठो.”

मला कळले. पोलीस असल्याची बतावणी करून ते तिला फोनच्या पडद्यासमोर बसवून होते. ही असली ‘अटक’ वर्तमानपत्रात मी वाचली होती, आणि अशा अटकेत सापडणाऱ्यांच्या भोळेपणावर एक पत्रही लिहिले होते.

तेवढ्यात मुलगी जिना चढून वर आली, धापा टाकत. मी दाराला तोंड लावून, जेवढा आवाज काढता येईल तेवढा काढून म्हणालो, “आपण कोण आहात? आपले नाव, हुद्दा आणि ज्या आदेशान्वये या बाईंना घरात बसवून ठेवले आहे तो आदेश क्रमांक सांगा!”

 आतून हसू आले. आणि तोच आवाज मराठीत म्हणाला, “काका, तुम्ही का? अहो, तुमचीच नोटीस आहे माझ्यासमोर. बहिणीने पैसे पाठवले असं तुम्ही स्वतः लिहून दिलंय, सहीनिशी. हा कबुलीजबाब झाला. दोघंही आत जाल.” थोडे थांबून तो म्हणाला, “छान लिहिता पण. प्रतिपक्ष म्हणून आम्हाला मान दिलात, सगळी परिशिष्टं जोडलीत. एवढं तर आम्ही मागितलंही नसतं. तारनाक्याचा पत्ता पण आहे खाली. या दारातून हला, नाही तर आमची माणसं आज तिकडे येतील.”

बिदरकडचा आवाज. तोच.  माझ्या पत्राला उत्तर देणारा तो होता, कारण माझे पत्र त्यालाच गेले होते. पहिले चोर आणि पैसे परत मिळवून देणारे वकील हे एकच होते, आणि बहिणीचे घर, तिचे ओळखपत्र, तिचा एकटेपणा, सगळे मीच नीट क्रमांक घालून त्यांच्या हाती दिले होते. घरी बायको एकटी आहे हे माझ्या डोक्यात आले आणि तरी या दारातून पाय निघेना. खाली ढोल वाजतच होते.

पण त्याने एक चूक केली. अक्का ते ऐकत होती.

“तू वकील होतास ना रे?” आतून ती म्हणाली. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शाळेत मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करणारा. “काल तू इन्स्पेक्टर होतास, आज पुन्हा काका काका करतोस? कोण आहेस तू?”

“मॅडम, बसा. बसा, नाही तर वॉरंट—”

“आत्या, फोन बंद कर!” मुलगी ओरडली.

“बंद केला तर लगेच अटक होते म्हणालेत गं.”

“काही होत नाही. बादलीत टाक, पाण्यात!”

“नवा आहे गं.”

“नको!” मी ओरडलो. “पाण्यात नको, तो पुरावा आहे!”

“बाबा, गप्प बसा हो तुम्ही!”

आत डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. त्या माणसाचे बोलणे खोल कुठेतरी गेले. तिने फोन तांदळाच्या डब्यात टाकला होता. मग कडी निघाली.

ती दारात उभी होती. केस विस्कटलेले, अंगावर परवाचे लुगडे. मागे टेबलावर घराच्या मूळ खरेदीखताची पिशवी होती, आणि बाजूला तिचा पासबुकाचा डबा, चष्मा, सगळे निघायच्या तयारीत. बँक उघडली की घर गहाण ठेवून पैसे उचलायचे, ते ‘तपासणीसाठी’ पाठवायचे आणि शहानिशा झाल्यावर परत मिळतील, असे तिला सांगितलेले होते. माझ्यावर गुन्हा दाखल झाला आहे आणि तिने कोणाला सांगितले तर मला बेड्या पडतील, असेही. मला वाचवायला ती घर द्यायला निघाली होती.

मुलीने तिला पाणी दिले. अक्काने पेला दोन्ही हातांनी धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मोरीत जायलासुद्धा हात वर करून विचारत होते रे मी.”

जिच्या वर्गात मुले करंगळी वर करत, तिचे हे वाक्य.  मी पहिल्यांदा पेन न उघडता हेल्पलाइनला फोन केला, आणि मुलीने घरी माझ्या बायकोला फोन करून दार लावून घ्यायला सांगितले. तारनाक्याला कोणी आले नाही. पण कोणी आले नाही हे आम्हाला संध्याकाळी कळले, आणि तोपर्यंत ते येऊन गेलेच आहेत अशा हिशेबाने आम्ही श्वास घेत होतो.

घर वाचले. पैसे आले नाहीत. तिचेही आणि माझी अनामतही. चिक्कडपल्लीत आता ही गोष्ट पसरली आहे, आणि फसलेले लोक अक्काकडे येतात, ती त्यांना माझ्याकडे पाठवते. मी त्यांना सांगतो: फसल्याचे कळले त्या क्षणी फोन करा. लिहायचे ते नंतर. तुमचे बुडालेले पैसे काढून देतो म्हणून जो आधी पैसे मागेल तो पहिल्या चोराचाच माणूस समजा. आणि चोराला नोटीस पाठवू नका. हे शेवटचे सांगताना माझी मान अजून खाली जाते.

भीती मात्र गेली नाही. अक्का माझ्यासाठीसुद्धा दार उघडत नाही, आधी बाहेरून मला लहानपणचे काहीतरी सांगावे लागते. तारनाक्याच्या घरी घंटी वाजली की बायको माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. पत्राची वाट बघण्यात माझे आयुष्य गेले, आणि आता पेटीत पाकीट दिसले की मी पेटीचे झाकण पुन्हा लावून घेतो. जावक क्रमांक असेल तर जास्तच घट्ट.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते.

होळीच्या आदल्या दिवशी माझ्या बहिणीची पुंजी ज्या खात्यात गेली ते खाते, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, दुसऱ्या राज्यातल्या एका मजुराच्या नावावर आहे. त्याने ते खाते बहुधा उभ्या आयुष्यात वापरलेले नाही. माझ्या बहिणीला पेन्शनसाठी दरवर्षी स्वतः जाऊन ती जिवंत आहे असा दाखला द्यावा लागतो. खडूने झिजलेल्या तिच्या बोटाचा ठसा यंत्रावर उठत नाही, म्हणून तिला पुन्हा रांगेत उभे करतात, डोळे तपासतात, ओळख पटवतात. ते खाते उघडणाऱ्या बँकेस माझा एकच प्रश्न आहे: त्या माणसाला तुमच्यापैकी कोणी समोर बसवून पाहिले? ज्याने ‘पाहिले’ म्हणून सही केली त्याचा हुद्दा सांगा. आणि ज्या खात्यात आजवर फुटकी कवडी नव्हती त्यात, त्याच पोलिसांच्या सांगण्यावरून, एका दिवसात इतक्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे येऊन गेले, ते पाहूनही कोणाला काही विचारावेसे का वाटले नाही, तेही सांगा.

माहिती गोपनीय आहे हे उत्तर मला मिळाले आहे, ते पुन्हा नको. मला पत्र पाठवू नका. अक्काला फोन करू नका. माणूस पाठवू नका. आम्ही दार उघडणार नाही. उत्तर वर्तमानपत्रात द्या, तुमच्या शाखेच्या दारावर लावा, चार लोकांदेखत उभे राहून मोठ्याने वाचा. चोरांनी मला खासगीत, सौम्य मराठीत, जावक क्रमांक घालून उत्तर दिले होते. तुम्ही ते नाही, हे आम्हाला कळण्याचा आता एकच मार्ग उरला आहे. जाहीर उत्तर द्या.